जुनापाणीचे गोटे

संक्रांतीनंतरच्या रविवारी पुन्हा एकदा जुनापाणीला जाऊन आले. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा प्रपंच.

जुनापाणी म्हणजे नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्यानं दहा-बारा किलोमीटरवरचं एक लहानसं गाव. गोरेवाडा मागे पडला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची आणि पऱ्हाटीची वावरं, मध्येच एखादा संत्र्याचा बगीचा आणि आता त्यांच्या जोडीला लेआउटांच्या पाट्या. गावात बघण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच दिसणार नाही. झुडपी रान आहे, त्यात काळे गोटे पडलेले आहेत. अगदी आपल्या विदर्भात कुठेही दिसतात तसे. पण थांबून नीट पाहिलं की लक्षात येतं, हे गोटे पडलेले नाहीत, मांडलेले आहेत. गोल मांडलेले. एक गोल संपला की दुसरा, तो संपला की तिसरा. अशी सुमारे ३०० शिळावर्तुळं या एका गावाच्या परिसरात नोंदलेली आहेत, आणि ती अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

मी ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या ३४ वर्षांत मुलांच्या सहली नेल्या अजिंठ्याला, वेरुळला, रायगडाला. एकदा तर आगगाडीनं पार दिल्ली-आग्र्याला. फळ्यावर स्टोनहेंजचं चित्र काढून दाखवलं. पण शाळेच्या दारातून निघून अर्ध्या तासात जिथे पोचता आलं असतं, तिथे एकही वर्ग नेला नाही. कारण सोपं आहे. मलाच माहीत नव्हतं. कानावरून गेलं असेल कधीतरी, पण कानावरून जाणं आणि माहीत असणं यात फरक आहे, हे वर्गात मीच मुलांना सांगत असे!

हे वेड लागलं ते वेल्समध्ये. हसू नका.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे गेलो होतो. तो तेव्हा स्वान्सीला होता. एका शनिवारी त्यानं आम्हांला प्रेसेली नावाच्या डोंगरांकडे नेलं. स्टोनहेंजचे निळसर दगड ज्या डोंगरांतून गेले, तेच हे डोंगर. तिथे मनाख्लोग-दी (असा काहीतरी उच्चार आहे. मुलानं चारदा म्हणून दाखवला, मला एकदाही जमला नाही) नावाची इवलीशी वस्ती आहे. चार घरं, एक चॅपेल, बाकी मेंढ्या. वस्तीबाहेरच्या गायरानावर दगडांचं एक वर्तुळ आहे, गोर्स फावर नावाचं. मोजून १६ दगड. कमरेच्या वर एखादाच येत असेल. स्टोनहेंज डोळ्यांसमोर ठेवून गेलं तर निराशाच व्हावी. हे म्हणालेसुद्धा, "एवढ्यासाठी दोन तास गाडी चालवली का रे?"

तिथे एक म्हातारे शेतकरी कुत्रं घेऊन फिरत होते. आमच्या साडीकडे-स्वेटरकडे बघून स्वतःहून बोलायला आले. त्यांना त्या १६ दगडांबद्दल काय काय ठाऊक होतं! पण दगडांपेक्षा ते गावाबद्दलच जास्त बोलले. कुठल्या शेताला काय नाव आहे, ते नाव का पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारच्या युद्धखात्याला सैनिकी सरावासाठी हे सगळे डोंगर हवे होते, तेव्हा १९४६ ते १९४८ अशी दोन वर्षं इथल्या शेतकऱ्यांनी, पाद्र्यांनी, मास्तरांनी कशी टक्कर दिली आणि डोंगर कसे राखले. वेल्समधला नावाजलेला कवी वॉल्डो विल्यम्स लहानपणी इथेच होता. त्याचे वडील इथल्या शाळेचे हेडमास्तर, आणि त्याची आठवण म्हणून माळावर एक दगड उभा केलाय, तोही त्यांनी दाखवला. मग मला विचारलं, "तुमच्याकडे असं काही आहे का?" मी मोठ्या अभिमानानं अजिंठा म्हटलं, ताजमहाल म्हटलं. ते म्हणाले, "तसं नाही. तुमच्या घराजवळ?"

मी गप्प. हेच म्हणाले, "अगं, काटोल रोडला आहेत म्हणतात ना तसले गोटे."

आता लाजेची गोष्ट अशी की त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. नातवंडं, गुडघे, मग करोना. शेवटी मागच्या दिवाळीनंतर भाच्याच्या मागे लागले आणि त्याच्या गाडीतून जुनापाणी गाठलं.

त्या पहिल्या भेटीत एक वर्तुळ जवळून पाहिलं. कडेनं मोठाले काळे गोटे, आत मुरूम आणि बारीक दगडांचा थोडा फुगीर ढीग. दहा-बारा पावलं टाकली की या कडेपासून त्या कडेला. काही गोट्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे कोरलेले आहेत, एका ओळीत. पावसानं किंवा वाऱ्यानं पडलेले नव्हेत, माणसानं मुद्दाम केलेले. ते बोटांनी चाचपून पाहिले. कुणीतरी बसून, दुसऱ्या दगडानं ठोकून ठोकून ते केलेत. बुद्धाच्या काळाच्या आगेमागे!

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक आजोबा आले. "काय पाह्यता मॅडम? हे त गवळ्यायचे गोटे होत."

"गवळ्यांचे म्हणजे?"

"जुन्या काळी गवळ्यायचं राज होतं. त्यायचे ढोरं बांधाचे गोठे होते इथं. आमच्या बुढ्यापासून आयकतो."

मी म्हटलं, आजोबा, इथे माणसं पुरलेली आहेत म्हणतात. ते क्षणभर थांबले, शेळीला हाकललं आणि जे म्हणाले, त्यासाठीच हा सगळा लेख लिहिते आहे. "असन. गोट्याले हात लावू नका म्हणते, जवळ घर बांधू नका म्हणते. पण गोटे कायचे आहेत, ते कोणी सांगत नाही."

घरी आल्यावर मी शोधायला लागले. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, पण उत्खननाच्या अहवालांचं इंग्रजी म्हणजे शब्दकोश मांडीवर आणि चहा गार. तरी दोन महिने नेटानं वाचलं. जे हाती आलं ते थोडक्यात सांगते. थोडक्यात म्हणतेय खरी, पण हिस्लॉपपासून सुरुवात केल्याशिवाय राहवत नाही.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज कुणाला ठाऊक नाही? पण तो माणूस कसा गेला हे मलाही ठाऊक नव्हतं. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली स्कॉटलंडहून नागपुरात आलेले पाद्री. शाळा चालवायच्या, आणि वेळ मिळेल तसा दगडधोंडे, जीवाश्म, गोंडांची भाषा, गाणी असं सगळं गोळा करायचं. हिस्लोपाइट नावाचं एक खनिजसुद्धा त्यांच्या नावानं आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये ते बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला अशीच शिळावर्तुळं पाहायला गेले. सोबत मध्य प्रांताचे तेव्हाचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल होते. ४ सप्टेंबरला परतताना बोरीच्या नाल्याला पूर आला होता, आणि त्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांची टिपणं टेंपलनी १८६६ मध्ये छापून काढली. म्हणजे आपण ज्या गोट्यांना वळसा घालून पुढे जातो, त्यांच्यापायी एका माणसाचा जीव गेला आहे. भादव्यातला नाला कसा फसवतो हे आपल्याकडच्या कोणत्याही गुराख्यानं त्यांना सांगितलं असतं. असो.

त्यानंतर आले रिव्हेट-कारनॅक. हे मध्य प्रांतातले कापसाचे कमिशनर. विदर्भाचा कापूस मँचेस्टरला कसा जाईल हे बघणं त्यांचं काम, आणि छंद जुन्या दगडांचा. त्यांनी जुनापाणीची वर्तुळं उकरली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. आत काय सापडलं? लोखंडाच्या कट्यारी, कुऱ्हाडी, कुदळी, छिन्न्या, कडी, घोड्याच्या तोंडातले लगाम, आणि काळ्या-तांबड्या रंगाची मडकी. त्या वाटीसारख्या खळग्यांनी तर त्यांना वेड लावलं. स्कॉटलंड-इंग्लंडातल्या दगडांवर अगदी तसेच खळगे असतात, ते शेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. त्या तुलनेवरून काढलेले त्यांचे निष्कर्ष आज कुणी मानत नाही. खळगे जगभर आहेत, म्हणून सगळे एका वंशाचे असं काही होत नाही. पण मला मौज वाटली ती वेगळीच. वेल्सच्या त्या माळावर मला जे सुचलं नाही, ते या साहेबाला दीडशे वर्षांपूर्वी जुनापाणीच्या माळावर सुचलं होतं.

त्यांनी उकरून काढलेल्या वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. एका वर्तुळात घोड्याच्या जातीच्या प्राण्याचे अवशेष मिळाले. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा खणलं, मग जुनापाणीच्या जवळचंच माहुरझरी. माहुरझरीला घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे दागिने निघाले. शिवाय हे गाव अकीक वगैरे रंगीत दगडांच्या मण्यांसाठी प्रसिद्ध. नंतर पारशिवनीकडच्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे ही माणसं लोखंड गाळणारी, घोडा बाळगणारी, घोड्यावर इतकी माया करणारी की मेल्यावर त्याला दागिन्यांसकट सोबत न्यायची. त्यांच्या राहत्या घरांचा पत्ता फार थोड्या ठिकाणी लागला आहे. घरं मातीची, कुडाची असणार. पाऊस आला, गेली. मेलेल्यांसाठी मात्र गोटे वाहून आणून मांडले, ते राहिले.

आता माझ्या मुद्द्यावर येते. वरचं सगळं मी कुठून काढलं? कलकत्त्याचं जुनं नियतकालिक, दिल्लीचा अहवाल, विद्यापीठानं छापलेली पुस्तकं. जवळजवळ सगळं इंग्रजीत. मराठीत काहीच नाही असं म्हणणार नाही. मराठी विश्वकोशात महापाषाणीय संस्कृतीबद्दल वाचायला मिळतं, वर्तमानपत्रांतून मधूनमधून लेख येतात. पण ते शेळ्या घेऊन आलेल्या आजोबांपर्यंत पोचलेलं नाही. दीडशे वर्षांत त्या गावातून वस्तू गेल्या, माहिती गेली, आणि गावाकडे उलट काय आलं? एक पाटी. हात लावाल तर शिक्षा होईल अशी.

पाटी हवीच. तेवढं मी मान्य करते. १९५८ चा कायदा नसता तर हे गोटे केव्हाच कुणाच्या तरी पायव्यात, कुंपणात, नाहीतर गिट्टीच्या क्रशरमध्ये गेले असते. २०१० मध्ये कायदा आणखी कडक झाला. संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. चांगलं आहे. पण याची किंमत कोण मोजतं, याचा विचार केलाय का कधी? मी नाही मोजत. मी धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये बसून 'आपला वारसा' म्हणते. किंमत मोजतो तो ज्याचं वावर त्या हद्दीत येतं तो माणूस. शहर काटोल रस्त्यानं पुढे सरकतंय, शेजारच्याच्या जमिनीला भाव येतोय, आणि याला आपल्याच पोराला एक खोली वाढवून द्यायची तर कागद फिरवावे लागतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी माणसाच्या घोड्यासाठी! आणि तो घोडा होता हेसुद्धा आपण त्याला सांगायचं नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या गावाकडून आपण राखण करून घेतो, त्या गावाला तो इतिहास त्याच्या भाषेत देणं हे उपकार नव्हेत, ते देणं आहे. बाकी राहिलेलं देणं. आणि तेही सातवीतल्या पोराला वाचता येईल अशा मराठीत.

भाचा म्हणाला, "मावशी, त्या लोकांना रोजगार पाहिजे, इतिहास काय खायचा?" प्रश्न खोटा नाही. मी काही त्याला चोख उत्तर देऊ शकले नाही. पण मला असं दिसतं की ज्याला गोटे म्हणजे नुसता अडथळा वाटतो, तो कायद्याच्या भीतीपोटी फार तर आपल्यापुरता थांबेल, आणि ते भीती असेपर्यंतच. रात्री ट्रॅक्टर लावून चार गोटे उचलले तर कोण बघतंय? शहर जवळ येईल तसा मुरुमालाही भाव येतो, दगडालाही येतो. प्रेसेलीचे डोंगर काही पाट्यांनी वाचले नव्हते. तिथल्या लोकांना प्रत्येक ओढ्याचं, प्रत्येक शेताचं नाव आणि कथा माहीत होती, म्हणून ती माणसं युद्धखात्यासमोर उभी राहिली. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तर २०१४ पासून साध्या स्वयंसेवकांना हाताशी धरून, १८४० च्या सुमाराचे जुने करवसुलीचे नकाशे उतरवून काढले. त्यात प्रत्येक शेताचं नाव, कसणाऱ्याचं नाव. लोकांनी घरी बसून, चहा पीत, आपापल्या गावची शेतं उतरवली.

आपल्याकडे हे होणार नाही असं म्हणू नका. आपल्या नागपूर विभागात तर गावाची वही लिहायची रीत जुनी आहे. मालगुजारीच्या काळात बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाचा 'वाजिब-उल-अर्ज' लिहीत. गावात पाण्याचा, वहिवाटीचा, मासे धरण्याचा हक्क कुणाचा, रीत काय, हे सगळं त्यात. जोडीला 'निस्तार पत्रक': सरपण कुठून आणायचं, ढोरं कुठे चारायची, प्रेतं कुठे न्यायची. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण ही दोन्ही कागदं महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात आजही आहेत. माझे वडील तलाठ्याकडून निस्तार पत्रकाची नक्कल आणत, ती मला चांगली आठवते. चारा-सरपणापुरती का होईना, पण ती गावानं स्वतःबद्दल सांगितलेली गोष्टच होती. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी झाडा-पाखरांची नोंदवही करायला सांगितली. मग त्याच वहीला गोट्यांची, शेतांच्या नावांची, जुन्या विहिरींची चार पानं जोडायला काय हरकत आहे?

फक्त एक भीती मला आहे, आणि ती मास्तरीण म्हणून आहे. गावाचा इतिहास लिहा म्हटलं की आपल्याकडे लगेच पांडव येतात. इथे भीमानं खिचडी शिजवली, तिथे सीतेची न्हाणी. नाहीतर कुठला तरी राजा आणि त्याचं भुयार, ते थेट रामटेकला निघतं! (भुयार नसलेलं एकही गाव मी अजून पाहिलेलं नाही.) म्हणून वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारावी. डावीकडे 'माहीत आहे', उजवीकडे 'म्हणतात'. गवळ्यांचे गोठे उजवीकडे. ते खोडायचे मात्र नाहीत. ही गवळ्यांची गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांच्याही कानावर आली होती, म्हणजे ती स्वतःच आता दीडशे वर्षांची जुनी झाली. लोक काय समजत आले, हाही इतिहासच. आणि डावीकडे लिहायचं ते मोजकं. खळगे कशासाठी कोरले, तिथे अभ्यासकांचे तर्क आहेत, सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशी जोडणारेही आहेत. तेही उजवीकडेच जातील. पंडितांचं 'म्हणतात' आणि शेळ्यावाल्या आजोबांचं 'म्हणतात' एकाच रकान्यात आलं तर बिघडलं कुठे?

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपण करून बघावं म्हणून मी स्वतःच्या माहेरच्या गावापासून सुरुवात केली. वर्धा जिल्ह्यातलं गाव. वडिलांच्या वावरांची नावं लिहायला बसले. चिंचेचं, मोठी खारी, बोडखी, नाल्यावरचं... आणि पाचवं आठवेना. धाकट्या भावाला फोन केला, त्यालाही आठवेना. तो म्हणाला, गट नंबर सांगू का? म्हणजे आमच्या घरातून एक नाव गेलं ते गेलंच. आई असती तर तिनं झोपेतून उठूनही सांगितलं असतं. नातेवाइकांपैकी हे वाचणाऱ्या कुणाला आठवत असेल तर कृपा करून कळवा. विहिरीच्या पलीकडचं, जिथे आजोबांनी जवस पेरला होता, ते.

तर त्या संक्रांतीच्या भेटीबद्दल. आजोबांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं, म्हणून मी चार पानं लिहून काढली होती. मोठ्या अक्षरात, सुटी सुटी वाक्यं. हिस्लॉप, रिव्हेट-कारनॅक, थापर, घोडा, लोखंड, लंडन. भाच्यानं टाईप करून दिली, वीस झेरॉक्स काढल्या आणि तिळगुळाच्या डब्यासोबत घेऊन गेलो. आजोबा भेटले. वाचता येत नाही म्हणाले, नातवाला हाक मारली. सातवीतला पोरगा. ओसरीवर उभा राहून त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शाळेत वाचतात तसं, एका सुरात. आजूबाजूचे चार-सहा जण जमले. घोड्याचा लगाम सापडला म्हटल्यावर एकानं विचारलं, "कोणत्या वावरात?" ते मला सांगता आलं नाही. वस्तू लंडनला आहेत हे ऐकून कुणी चिडलं नाही. एक बाई एवढंच म्हणाल्या, "तिथं पाह्याले पैसे पडते का?" नाही पडत म्हटलं, फुकट आहे, पण जायला पडतात. त्यावर सगळे हसले.

तिसऱ्या पानावर पोरगा अडला. 'महापाषाणीय.' दोनदा प्रयत्न केला, जमेना. माझ्याकडे पाहू लागला. मी सांगणार, तोच त्याची आजी आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काय आहे थे?"

"मोठ्या दगडांचा काळ," मी म्हटलं.

"मंग मोठ्या गोट्यायचा काळ म्हणा नं बाई."

उरलेल्या एकोणीस प्रती तशाच परत आणल्या आहेत. तो शब्द बदलून पुन्हा काढायला टाकते आहे. शिवाय 'उत्खनन'ही काढून 'खोदकाम' करायचं आहे, आणि पान संपतं तिथे शेतांच्या नावांसाठी दहा रिकाम्या ओळी सोडायच्या आहेत. आजोबा म्हणाले, होळीच्या आधी या, मग पोट्टे कामाला जातात.